कागदी नॅपकिनवाला बुस्के

अनातोल बुस्के आमच्या साँ-बेरूनचा नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे मागाहून कुणी आम्हाला नावं ठेवायला नको. तो पलीकडचा. नदीच्या पलीकडे कोर्नाक नावाचं गाव आहे, तिथला. पुलाच्या मध्यावर उभं राहून शिंकलं तर दोन्हीकडची माणसं 'तुझ्या इच्छा पूर्ण होवोत' म्हणतील, एवढंच काय ते अंतर. पण पलीकडचा म्हणजे पलीकडचा. आमच्या सिल्वेतशी लग्न करून तो इकडे आला. इथेच त्याने गाडी शिकवायची शाळा काढली आणि अर्ध्या गावाला गाडी चालवायला शिकवली. चौकात आमची माणसं ज्या पद्धतीने वळतात ते पाहता त्याबद्दल त्याच्यावर खटलाच भरायला हवा होता, पण तो विषय वेगळा. मुलगी इथे झाली, बायकोला इथेच मूठमाती दिली. तरी बेकरीत कुणी विचारलं, "आत्ता कोण येऊन गेलं?" तर उत्तर येतं, "कुणी नाही, तो कोर्नाकवाला."

कारण आहे, उगीच नाही. तरुणपणी बुस्के कोर्नाकच्या फुटबॉल संघात खेळायचा. चषकाचा सामना आमच्याच मैदानावर होता, आणि संपता संपता या गृहस्थाने आमच्यावर गोल मारला. आम्ही बाहेर. तो गोल ऑफसाइड होता. हे मी एकटा म्हणत नाही, अख्खं गाव म्हणतं. जे तेव्हा जन्मलेही नव्हते ते तर फारच ठामपणे म्हणतात.

आणि गंमत पुढेच आहे. तो गोल ज्याने खाल्ला तो आमचा गोलकीपर नुन्त्सियो. तोही काही इथला नव्हे. इटलीतल्या बेर्गामोहून फरश्या बसवायला आला होता, अंगाने उंच दिसला म्हणून धरून गोलात उभा केला. गोल खाल्ल्यावर तो मैदानात फतकल मारून बसला आणि ढसाढसा रडला, आणि त्या रडण्यावर आमचं गाव भाळलं. हिवाळा संपायच्या आत तो आमचा झाला. गोल खाणारा आमचा आणि मारणारा परका, असा आमचा न्याय.

पुढे नुन्त्सियोने आमच्या रेजीनशी लग्न केलं, चौकातली जुनी खानावळ घेतली आणि तिथे 'बेला नापोली' नावाचं पिझ्झेरिया थाटलं. नापोली, म्हणजे पिझ्झ्याचं माहेर, त्याने अजूनही पाहिलेलं नाही. पण बेर्गामो म्हटलं की आमच्या लोकांना भूक लागत नाही, त्याला तो तरी काय करणार. आमच्या लोकांनी त्याला पिझ्झ्यावर क्रीम घालायला लावलं, बटाटा घालायला लावला, पिझ्झ्याबरोबर पावाची टोपली ठेवायला लावली आणि शेवटी पिझ्झ्याच्या मधोमध अंडं फोडायला लावलं. पहिलं अंडं फोडताना त्याने छातीवर क्रूस काढून आईची माफी मागितली होती. आता गप्पा मारत एका हाताने फोडतो.

या अंड्यावरून आमच्याकडे माणूस कुठला ते ओळखतात. साँ-बेरूनचा माणूस पिझ्झा समोर आला की सुरीच्या टोकाने आधी बलक फोडतो, चहूकडे पसरवतो आणि मग खायला लागतो. कोर्नाकवाला कडेकडेने गोल गोल खात आत येतो आणि बलक शेवटी ठेवतो. आम्ही म्हणतो, चिक्कू लोक, चांगलं ते दडवून ठेवायची खोड. ते म्हणतात, तुम्हाला धीर नाही.

बुस्के बलक शेवटी ठेवायचा. दर शुक्रवारी दुपारी तो आणि सिल्वेत खिडकीजवळच्या टेबलावर बसत. सिल्वेत आपला बलक केव्हाच फस्त करून बसलेली असे. बुस्के गोल गोल खात मध्यापर्यंत पोचला, की ती पावाचा तुकडा मोडायची आणि हात लांब करून सरळ त्याच्या ताटातला बलक पळवायची.

"सिल्वेत, हे शेवटचं हं," बुस्के म्हणायचा.

"हो हो," ती तोंड भरलेलं असताना म्हणायची, "पुढच्या शुक्रवारी नाही घेणार."

हे बघायला मिळावं म्हणून आम्ही आमची कॉफी लांबवायचो.

आता कपाटाचं सांगतो. जुन्या खानावळीबरोबर नुन्त्सियोला भिंतीतलं एक लाकडी कपाटही मिळालं. त्यात लहान लहान खण, प्रत्येक खणाला इवलंसं दार, दारावर फक्त आकडा. नेहमीच्या गिऱ्हाइकाचा कापडी नॅपकिन त्या खणात राहतो, लाकडी कड्यात गुंडाळलेला. कड्यावर नाव कोरलेलं. तुम्ही आत येऊन बसलात की रेजीन न विचारता तुमचा खण उघडते. सोमवारी पिझ्झेरिया बंद, तेव्हा ती सगळे नॅपकिन धुऊन इस्त्री करते. ज्याला खण नाही त्याला कागदी नॅपकिन. म्हणजे प्रवासी, ट्रकवाले आणि बुस्के.

एकाच टेबलावर बायकोपुढे निळ्या चौकटीचा कापडी नॅपकिन आणि नवऱ्यापुढे कागदी. बुस्के कुरकुरायचा, "आपलं लग्न अर्धवटच लागलंय वाटतं."

"खण देणं गावाच्या हातात आहे, माझ्या नाही," सिल्वेत म्हणायची. "पण तू मेलास की तुला माझ्या नॅपकिनात गुंडाळीन, काळजी करू नकोस."

तिची जीभ ही अशी. तिने गृहीतच धरलं होतं की आधी तो जाणार. आणि गेली ती.

बुस्के कितीतरी दिवस पिझ्झेरियात फिरकला नाही. मग एका शुक्रवारी आला, त्याच टेबलावर बसला. रेजीन त्याच्यापाशी येऊन घुटमळली. काहीतरी ऐकायची वाट बघत असल्यासारखी उभी राहिली. बुस्केने वर न बघता म्हटलं, "आणा, कागदीच आणा." तिने आणला. शेजारच्या टेबलावर गावात नव्याने आलेल्या औषधवाल्या क्लोतिल्दबाई बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर मात्र कापडी नॅपकिन होता. बुस्के काय समजायचं ते समजला. बायकोची माती सुकली नाही तोवर तिचा खण देऊन मोकळे झाले. बोलला काही नाही. त्या दिवसापासून कपाटाकडे पाठ करून बसायला लागला. पिझ्झा गोल गोल खात मध्यापर्यंत यायचा, बलक ताटात तसाच ठेवायचा आणि उठून जायचा. तो थंड बलक खरवडून टाकताना नुन्त्सियो आत काहीतरी इटालियनमध्ये पुटपुटत असे.

दर रविवारी लियोंहून त्याच्या मुलीचा, एलोदीचा फोन येई.

"बाबा, या ना इकडे राहायला. खोली रिकामी आहे. तिथे तुमचं आहे कोण?"

या प्रश्नाला बुस्के दर वेळी हवेबद्दल काहीतरी उत्तर द्यायचा.

अशी काही वर्षं गेली, आणि मग यंदा ऑक्टोबरात ओर्तांसबाई वारल्या. नव्वदी कधीच ओलांडलेल्या, दुपारी पिझ्झा आणि ग्लासभर तांबडी वाइन घेऊन घरी गेल्या आणि खुर्चीत डोळे मिटले. असं मरण हवं, असं आम्ही सगळे म्हणालो, आणि दफनाहून परतताना प्रत्येकाच्या मनात एकच: त्यांचा खण कुणाला?

बुस्केने त्या रविवारी एलोदीला सांगून टाकलं, "बघ, या वेळी मला खण मिळाला तर मी इथला. नाही मिळाला, तर सर्व संतांच्या दिवशी तुझ्या आईच्या थडग्यावर शेवंतीची कुंडी ठेवतो आणि तुझ्याकडे येतो. त्या खोलीतलं इस्त्रीचं टेबल तेवढं हलवून ठेव."

"कसला खण, बाबा?"

"तुला नाही कळायचं, तू लहानपणीच गाव सोडलंस."

दुसऱ्या दिवशी तो चौकातच रेजीनला गाठून म्हणाला, "रेजीन, मला खण हवाय."

रेजीनने हातातली पिशवी खाली ठेवली. तिचा चेहरा असा उजळला की बुस्केलाच नवल वाटलं. "शेवटी तोंड उघडलंत म्हणायचं. कुठला?"

"कुठला म्हणजे? ओर्तांसबाईंचा. दुसरा कुठला रिकामा आहे?"

रेजीनचा चेहरा उतरला. "ओर्तांसबाईंचा," ती म्हणाली. "बरं. शुक्रवारी सगळ्यांना विचारते." पिशवी उचलून ती चालू लागली.

तो आठवडा बुस्केला फार जड गेला. बेकरीत त्याला करपलेला पाव मिळाला. टपालवाल्याने ओळख दाखवली नाही. चर्चपाशी दोन बायका त्याला बघून बोलायच्या थांबल्या. गोल, बुस्केच्या मनात आलं. एवढी वर्षं झाली आणि मेल्यांच्या पोटात तो गोल अजून तसाच आहे.

तेव्हा त्याने ठरवलं की मुळावरच घाव घालायचा. आमच्या त्या वेळच्या संघाचा कप्तान ओनेझीम रोश, निवृत्त खाटीक, कपाटातला पहिला खण त्याचा. त्याला गाडी शिकवताना बुस्केचे केस पिकले होते. ओनेझीम अजूनही बैल बाजाराला नेल्यासारखी गाडी हाकतो. बुस्के त्याच्या दारात जाऊन उभा राहिला आणि आयुष्यात कधी जे बोलला नव्हता ते बोलला.

"ओनेझीम, तो गोल ऑफसाइड होता."

"ते मला माहीत आहे," ओनेझीम म्हणाला. "त्याचं आत्ता काय?"

"काही नाही. शुक्रवारी मत द्यायचंय तुम्हाला, म्हणून म्हटलं."

ओनेझीमने त्याच्याकडे वरून खाली पाहिलं. "सिल्वेतला काय वाटलं असतं, याचा विचार केलास का?" आणि दार लावून घेतलं.

बुस्के घरी गेला तो मान खाली घालूनच. खरंच, सिल्वेतला काय वाटलं असतं? नवरा एका नॅपकिनासाठी दारोदार हिंडतोय, गोलसुद्धा विकून बसला. तरी त्याने हट्ट सोडला नाही. रोज रात्री जेवताना तो अंडं तळायचा आणि ताटात पडताच त्याचा बलक फोडायचा. आधी बलक, मग बाकीचं. शुक्रवारी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत साँ-बेरूनच्या माणसासारखं खाऊन दाखवायचं, असा त्याचा बेत. फोडताना दर वेळी त्याला वाईट वाटायचं, पण फोडायचा.

मत द्यायची आमची रीत अशी. पाहुणा म्हणून एकदाच जेवायला आलेला माणूस नॅपकिनची घडी घालत नाही, तसाच टेबलावर टाकतो. घडी घातली याचा अर्थ मी परत येणार, माझा नॅपकिन ठेवा. त्यावरूनच ही पद्धत पडली. खण मागणारा जेवायला बसतो, खणवाले सगळे जेवतात, आणि जेवण झाल्यावर ज्याला तो माणूस हवा त्याने घडी घालायची, नको त्याने चुरगाळून ठेवायचा. एक जरी चुरगाळलेला दिसला तरी नाही म्हणजे नाही. तोंडाने कुणी वाईट बोलायचं नाही. सभ्य लोक आहोत आम्ही.

शुक्रवारी बाराची घंटा झाली आणि 'बेला नापोली' भरलं. सगळे खणवाले हजर. बुस्के दाढी करून, लग्नातला टाय लावून आला होता. आज तो कपाटाकडे तोंड करून बसला. रेजीनने कागदी नॅपकिन ठेवला. नुन्त्सियोने पिझ्झा स्वतः आणून दिला, मधोमध अंडं, पिवळाधमक बलक.

बुस्केने सुरी उचलली. तेवढ्यात पलीकडे बेकरीवाल्याने नॅपकिनने तोंड पुसलं, आणि बुस्केचं लक्ष तिकडे गेलं. चुरगाळला का? नाही, नुसता पुसला. मग क्लोतिल्दबाईंनी मांडीवरचा सारखा केला. मग ओनेझीमने गळ्यात खोचलेला काढला आणि परत खोचला. बुस्के एकेकाच्या हाताकडे बघत होता आणि त्याचे स्वतःचे हात आपले काम करत होते. तिखट तेलाची बाटली पुढे करताना रेजीन त्याच्या ताटाकडे बघून थबकली, तेव्हा त्याने खाली पाहिलं. कडेपासून सगळा पिझ्झा गोल गोल खाऊन झाला होता आणि मधोमध बलक शाबूत होता.

झालं. आठवडाभर फोडलेली अंडी वाया गेली. कोर्नाक ताटात बसून सगळ्या खोलीला दिसत होतं.

आता काही उरलं नाही, असं त्याला वाटतंय तोच नॅपकिन खाली येऊ लागले. क्लोतिल्दबाईंचा चुरगाळलेला. बेकरीवाल्याचा चुरगाळलेला. टपालवाल्याचा. नुन्त्सियोलाही खण आहे, तो आतून आपला नॅपकिन घेऊन आला आणि बुस्केची नजर चुकवत बोळा करून ठेवून गेला. हा मात्र लागला बुस्केला. शेवटी ओनेझीमने मिशा पुसल्या, नॅपकिनचा चेंडू केला आणि तेलाच्या बाटलीला टेकवून ठेवला.

बुस्के उठला. "ठीक आहे," तो म्हणाला. "लियोंला माझी खोली तयार आहे. एका गोलापायी तुम्ही लोकांनी आयुष्यभर..."

"गोल घाल चुलीत," ओनेझीम म्हणाला, आणि आम्ही सगळे चमकलो, कारण गोलाबद्दल असं त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "मला एवढंच सांग, बायकोच्या खणाची तुला लाज वाटते का?"

"कुणाच्या बायकोच्या?"

"तुझ्या. किती बायका आहेत तुला?"

"सिल्वेतचा खण तुम्ही या बाईंना देऊन टाकलात," बुस्के क्लोतिल्दबाईंकडे हात करून म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "ती जाऊन चार महिने झाले नव्हते. मी बोललो काही? कागदीने तोंड पुसलं आणि गप्प राहिलो."

"मला?" क्लोतिल्दबाई म्हणाल्या. "माझा खण जुन्या टपालमास्तरांचा. अजून डिंकाचा वास मारतो."

रेजीन कमरेवर हात ठेवून पुढे आली. "अहो बुस्के, बायको गेली तर तिचा खण नवऱ्याचा. मतबित काही लागत नाही. फक्त तोंडाने मागायचा. आपण होऊन द्यायचा नाही, असा नियम आहे."

नियमाला कारणही आहे. जुन्या खानावळीच्या काळात एका विधुराला त्याच्या बायकोचा नॅपकिन न मागता दिला होता, आणि त्या दिवशी नेमका तो दुसरी बायको घेऊन जेवायला आला होता. कडं नदीत सापडलं. तेव्हापासून मागितल्याशिवाय नाही.

"मी वाट बघत उभी राहिले, तर तुम्ही म्हणालात, कागदीच आणा," रेजीन म्हणाली. "वाटलं, दुःख आहे, मागतील सावकाश. इतकी वर्षं थांबले. आणि परवा मागितलात तो ओर्तांसबाईंचा. सिल्वेतचा सोडून. गावात सगळे म्हणायला लागले, याला तिची आठवणसुद्धा नको झालीय."

बुस्के खुर्चीची पाठ धरून उभा होता. "मला हा नियम कुणी सांगितला नाही."

"सांगायचं काय त्यात?" ओनेझीम म्हणाला. "हे इथल्या सगळ्यांना माहीत असतं."

"इथल्या," बुस्के म्हणाला.

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. जन्मभर ज्याला आम्ही कोर्नाकवाला म्हणत आलो, त्याला हे ठाऊक नसेल अशी शंका आमच्यातल्या एकालाही आली नव्हती. तो इथलाच आहे असं धरून आम्ही त्याच्यावर रुसलो होतो. फार ओशाळल्यासारखं झालं. बेकरीवाल्याला तर करपलेला पाव आठवला असावा, तो कानापर्यंत लाल झाला.

रेजीनने कपाटातलं एक दार उघडलं. निळ्या चौकटीचा नॅपकिन, कडक इस्त्रीचा, लाकडी कड्यात. कड्यावर सिल्वेतचं नाव. "दर सोमवारी याला इस्त्री करते," ती म्हणाली. "माझी पाठ मोडतेय, आणि हे बसलेत कागद घेऊन. मागा आता एकदाचा."

बुस्के खाली बसला. मग शाळेतल्या पोरासारखं म्हणाला, "मला खण हवाय. सिल्वेतचा."

"घ्या. एवढंच म्हणायचं होतं."

त्याने तो मांडीवर पसरला नाही. दोन्ही हातांत नुसता धरून बसला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तोवर खोलीभर आमची गडबड उडाली होती, जो तो आपला चुरगाळलेला नॅपकिन उचलून घाईघाईने घडी घालत होता. मताची काही गरज नव्हती, पण घातली. नुन्त्सियोने घडी घातली आणि आत जाऊन मोठ्याने नाक शिंकरलं. रडायला त्याला पहिल्यापासून फार लागत नाही.

ओनेझीम उठला. आपली खुर्ची सोडून तो खिडकीजवळच्या टेबलाशी गेला आणि बुस्केच्या समोर, सिल्वेतच्या खुर्चीत धपकन बसला. टोपलीतून पाव घेतला, तुकडा मोडला, आणि हात लांब करून बुस्केच्या ताटातला बलक फोडून, बुडवून तोंडात टाकला.

"थंड झालाय," तो चावत म्हणाला. "आणि तो गोल ऑफसाइड होता. तू स्वतः कबूल केलंयस."

"ते मी मतासाठी म्हटलं होतं. ऑफसाइडबिफसाइड काही नव्हता," बुस्के नॅपकिनने डोळे पुसत म्हणाला. ओनेझीमने दुसरा तुकडा मोडला तसा त्याने ताट आपल्याकडे ओढलं. "आणि ओनेझीम, हे शेवटचं हं."

"हो हो," ओनेझीम म्हणाला, "पुढच्या शुक्रवारी नाही घेणार."

बुस्केने नॅपकिनची घडी घातली आणि तो कड्यात सरकवला.